खानापूरसारख्या गावात राहून हेअरड्रेसिंगमध्ये मोठं होता येतं का?

खानापूरची_कात्री
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, सांभाळून घ्या. वय २४, बीकॉम झालंय, दोन-अडीच वर्षं झाली बेळगावात टिळकवाडीतल्या एका सलूनमध्ये काम करते, रोज खानापुरातनं ये-जा. सुरवातीला थ्रेडिंग वॅक्सिंग मग शाम्पू, ब्लो ड्राय आणि आता कट नि कलरपण माझ्याकडं देतात. फेशियलमध्ये माझा जीव रमत नाही, केसांचं काम मात्र दिवसभर उभं राहून केलं तरी कंटाळा येत नाही. आता घरचे म्हणायलेत पुढच्या खोलीत पार्लर घाल, मालकीणबाई म्हणतात पुण्याला जा, मैत्रीण बेंगळुरात आहे ती म्हणते माझ्या रूमवर ये, आणि आत्याचं एकच, बीकॉम करून लोकांची डोकी करणार काय. माझ्या डोक्यात वेगळंच हाय. मला इथंच राहून मोठं व्हायचंय, म्हणजे चांगलं सलून, हाताखाली चार मुली, पुढं शिकवायचं, आणि बेळगावच्या बायकांनी केस करायला खानापूरला यावं असं काम. हे बोललं की सगळे हसतात. या धंद्यातले कोण असतील त्यांनी खरं खरं सांगा, जमण्यासारखं आहे का मी हवेत आहे?

निपाणी_नाका
बेळगावची माणसं खानापूरला येतात ती पावसाळ्यात जांबोटीकडं भिजायला. भिजलेले केस तुम्ही वाळवून द्या म्हणजे झालं :)
गंमत केली हं ताई, राग नको. वाचतोय.

चंदगडी
आमच्याकडनं लोक लग्नाचा बस्ता, दवाखाना, कॉलेज सगळ्याला बेळगावलाच जातात, मधे राज्य बदलतं ते फक्त एसटीच्या तिकिटावर कळतं. सांगायचं काय तर गिऱ्हाईक मोजताना खानापूर पट्टण पंचायतीची लोकसंख्या मोजू नका. नंदगड, बिडी, लोंढा, जांबोटी सगळं धरा. बायका चांगल्या कामासाठी लांब जातात, आमची वहिनी फक्त कटसाठी कोल्हापूर गाठते.

शहापूरची_अक्का
पोरी, माझे केस याच धंद्यात पिकले (आणि कलरपण मीच करते) त्यामुळं जरा लांबण लावते.

पुण्याला जा की, पण शिकायला जा. राहायला कशाला? तिथं तू दहा खुर्च्यांतली एक होणार, पगार बरा दिसतो पण खोलीचं भाडं आणि जेवण गेलं की हातात इथल्याएवढंच उरतं. महिना-दोन महिन्यांचा नुसता कट आणि कलरचा कोर्स कर आणि परत ये. कोर्स घेताना सर्टिफिकेट कुठल्या देशाचं ते विचारू नको, दोन गोष्टी विचार. एका बॅचला किती जण, आणि जिवंत माणसाच्या डोक्यावर किती कट करायला देणार. माझ्या भाचीनं एका नावाजलेल्या ठिकाणी लाखभर भरले, तिथं एका डमीवर तीन पोरी, एकीनं कापलं की बाकीच्या दोघींनी बघायचं. शेवटी फ्रेम केलेलं सर्टिफिकेट आलं पण बॉब कापायला सांगितला की हात थरथरतोय.

आता मुख्य. पुढच्या खोलीत 'सगळं मिळेल' पार्लर घातलंस की तुझं स्वप्न तिथंच संपलं. भुवया करून ४० रुपये घेणारी मुलगी कलरचे अडीच हजार सांगायला लागली की बायका तोंडाकडं बघत बसतात. आणि दिवसभर भुवया करून हात तसाच राहतो, वाढत नाही. तू फक्त केस कर. सुरवातीला खुर्ची रिकामी दिसेल, आई कुरकुर करेल, तरी भुवयांना शेजारणीकडं पाठव. तीच शेजारीण मग कलरचं गिऱ्हाईक तुझ्याकडं पाठवते, हे मी बघितलंय.

आणि त्यातही कलर. आपल्या भागात कट बऱ्यापैकी जमणाऱ्या निघतात, कलर कळणाऱ्या फार कमी. आपल्या बायकांचे केस लेव्हल एक ते तीन, म्हणजे काळे ते गडद तपकिरी. ब्लीच मारलं की पहिल्यांदा तांबडा निघतो, मग नारिंगी, मग पिवळा. फोटोत बाईला पाहिजे असतो राखाडी-तपकिरी आणि तिला अर्ध्या वाटेवर नारिंगी डोकं घेऊन घरी पाठवतात. नारिंगी कुठं थांबवायचा आणि त्यावर निळसर राखी टोन टाकून तो कसा मारायचा, पिवळा आला तर जांभळा, हे ज्या पोरीला कळतं तिला गिऱ्हाईक शोधायला लागत नाही. दुसरं, घाई. कलर किंवा ब्लीचमध्ये मिसळतात ते पेरॉक्साइड म्हणजे डेव्हलपर, त्यातलं २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. लवकर उरकायचं म्हणून सरसकट ४० लावतात आणि टाळू भाजते.

माझ्याकडं शोभेची मोठी मशिनरी काय नाही, पण दोन गोष्टी आहेत. एक स्वयंपाकाचा डिजिटल काटा, कलर आणि डेव्हलपर दोन्ही त्यावर ग्रॅममध्ये मोजायचे, अंदाजपंचे पिळायचे नाहीत. आणि एक कार्डांचा डबा. प्रत्येक बाईचं कार्ड: तारीख, कुठला नंबर किती ग्रॅम, कितीचं डेव्हलपर, किती मिनिटं ठेवलं, आधी काळी मेहंदी लावत होती का, पॅच टेस्ट (कातडीवर थोडा कलर लावून ॲलर्जी बघायची) कधी केली. बाई दोन महिन्यांनी आली आणि म्हणाली 'मागच्यासारखाच' की कार्ड काढायचं. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात, म्हणजे रूट टचअपला ती दीड महिन्यात येणारच, कार्ड बघून आधीच फोन करायचा. तो डबा म्हणजे माझी फिक्स डिपॉझिट आहे.

अथणीकर
अक्कांचा प्रतिसाद वाचनखूण साठवला. माझ्या बायकोचं अथणीत छोटं पार्लर आहे. दोन शंका. आमच्याकडं बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरा थर धरतो, कलर महिनाभरात फिका पडतो आणि गिऱ्हाईक म्हणतं माल डुप्लिकेट. आणि ती काळी मेहंदी नेमकी काय भानगड आहे?

शहापूरची_अक्का
जड पाण्यातला कॅल्शियम केसावर बसतो त्यामुळं कलर सारखा चढत नाही आणि केस रखरखीत लागतात. कलरच्या आधी किलेटिंग शाम्पूनं एकदा धुवायचं, तो केसावर बसलेला कॅल्शियम काढतो, साध्या शाम्पूपेक्षा वेगळा असतो, डिस्ट्रिब्युटरकडं मागा. शेवटच्या धुण्याला आरओचं पाणी वापरलं तर उत्तम, मोठा फिल्टर परवडत नसेल तर कॅन आणायचे.

काळी मेहंदी म्हणजे मेहंदी थोडीच आणि पीपीडी (केस काळे करायचं केमिकल) जास्त, काहीत धातूचे क्षारपण असतात. क्षारवाल्या केसावर ब्लीच टाकलं की केस गरम व्हायला लागतात, धूरसुद्धा निघतो, तुटून हातात येतात. म्हणून आधी चार केस कापून वाटीत ब्लीचमध्ये टाकून बघायचे. आणि पीपीडीची ॲलर्जी असली तर डोळे सुजेपर्यंत जातं, ४८ तास आधी कानामागं पॅच टेस्ट. गिऱ्हाईक म्हणतं उद्या लग्न आहे, आजच लावा. नाही म्हणायचं. परत येत नाही ते गिऱ्हाईक तर नाही येऊ दे.

सेनाभक्त
ताई, मी चिकोडी भागातला, नाभिक समाजातला, पिढीजात काम. आजोबा बलुत्यावर करायचे, सुगीला जोंधळे घरी यायचे, पैसा बघायला मिळायचा नाही. वडिलांनी बाजारात टपरी घातली, आरसा नि लाकडी खुर्ची. मी आता एसी लावलाय. तुमच्या आत्याबाईंनी म्हटलं ते आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकलंय, त्यात नवीन काय नाही. पण एक सांगतो, राग मानू नका. हल्ली लाख रुपये फी भरून आलेली मंडळी आम्हाला विचारतात तुम्ही कुठून शिकला. बापाकडून शिकलो की ओ. तुम्ही तशा वाटत नाही म्हणून लिहितोय.

तुम्हाला खरंच मोठं व्हायचं असेल तर जेंट्सच्या दुकानात दोन महिने काढा. चेष्टा नाही. बायकांचं काम शिकलेल्यांना कंगव्यावर कात्री चालवायला सांगितलं की घाम फुटतो आणि आता बायकापण बारीक केस ठेवायलेत, मानेवरची रेघ साफ आली पाहिजे. बाई माणसानं जेंट्स सलूनमध्ये कसं शिकायचं म्हणाल तर माझ्या दुकानात दुपारी दोन ते चार मोकळंच असतं, माझी बायको पण असते, या बघायला.

कात्रीचं सांगतो. साडेपाच इंची एक चांगली घ्या, सहा घेऊ नका, तुमचा हात लहान असणार. तिनं फक्त केस कापायचे. धाग्याचं टोकसुद्धा नाही, कागद तर नाहीच नाही. आणि दारावर येणाऱ्या सुऱ्या-कात्र्यांच्या धारवाल्याकडं चुकूनसुद्धा द्यायची नाही, तो पातं सपाट करून ठेवतो मग ती केस कापत नाही, दुमडते. केस दोन पात्यांच्या मधे दुमडला की समजायचं धार गेली.

आणि श्रावण विसरू नका. श्रावणात दुकान बसतं, गणपतीच्या आधी जेवायला सवड नसते. भाड्याचा हिशेब त्या महिन्याला धरून करा.

खानापूरची_कात्री
बापरे एवढे प्रतिसाद! अक्का, कार्डाचं मी उद्यापासूनच चालू करते, आमच्या सलूनमध्ये सगळं मालकीणबाईंच्या डोक्यात असतं. सेनाभक्त अण्णा, मनापासून आभार, खरंच येईन, वहिनींशी बोलायला पण आवडेल. आत्याला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, गप्प बसली, मग म्हणाली जाताना मला घेऊन जा.

पैशाचं विचारायचं होतं. माझ्याकडं साठलेले थोडे आहेत, बाबा थोडे देतील. बाकी कर्ज. सरकारी कर्ज योजनांत कोण मुद्रा म्हणतंय कोण विश्वकर्मा म्हणतंय.

हिशेबी_माणूस
थोडक्यात सांगतो. पीएम विश्वकर्मा १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, १८ व्यवसाय आहेत त्यात नाभिक काम आहे. ५ टक्के व्याजानं पहिल्यांदा १ लाखापर्यंत, १८ महिन्यांत फेडायचे, ते नीट फेडले की पुढं २ लाखांपर्यंत ३० महिन्यांसाठी. ट्रेनिंग मिळतं, दिवसाला ५०० रुपये भत्ता, आणि अवजारांसाठी १५ हजार. पण स्वतःचं काम करणाऱ्याला, नोकरीत असताना नाही, आणि घरातल्या एकालाच. नोंदणी सीएससी केंद्रात (सरकारी कामं ऑनलाइन करून देतात ते सेवा केंद्र). मुद्रा शिशूमध्ये ५० हजार, किशोरमध्ये ५ लाखांपर्यंत, त्याचं व्याज बँक ठरवते. आता गोम अशी की मागच्या पाच वर्षांत मुद्रा घेतलेलं असेल आणि फेडलेलं नसेल तर विश्वकर्मा मिळत नाही. म्हणून आधी विश्वकर्माला अर्ज करा, मुद्रा नंतर. उलटं केलं तर अडकाल.

उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) फुकट असते, त्याचे पैसे कोण मागत असेल तर देऊ नका. पट्टण पंचायतीचं ट्रेड लायसन, कामगार खात्याकडं दुकानाची नोंदणी. जीएसटी वर्षाला २० लाखांची उलाढाल होईपर्यंत नाही. पुढं झालीच तर सलूनला २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ चा ५ टक्के केलाय, पण मालावर भरलेला कर परत मिळत नाही, म्हणजे कलरच्या ट्यूबवर दिलेला जीएसटी तुमच्या खर्चात जाणार. रेट ठरवताना तो धरा.

बोर्डावर ६० टक्के कन्नड पाहिजे, २०२४ चा कायदा आहे. आधीच तसा करून घ्या, नंतर उतरवून परत रंगवायचा खर्च दुप्पट.

गडहिंग्लज_मेल
वा, म्हणजे मराठी मुलीनं मराठी गावात दुकान घालायचं आणि पाटी

संपादक
इथंच थांबूया. सीमाप्रश्नाचा वेगळा धागा आहे, तो रोज वर येतोच. इथं केसांबद्दल बोला.

निपाणी_नाका
संपादकांशी सहमत. आमच्या इथं वर कन्नड खाली मराठी असे बोर्ड सर्रास आहेत, डिझाइन करणाऱ्याला दोन्ही लिपी येत असल्या की छान दिसतो. गिऱ्हाईक शेवटी आरशात बघतं. आणि ताई, बोलायला कन्नड पक्की करा, बैलहोंगल-कित्तूरकडची बाई आली तर तिला 'एष्टु उद्द बेकु' (किती लांब पाहिजेत) एवढं तरी विचारता आलं पाहिजे, नाहीतर ती खांद्यापर्यंत म्हणेल आणि तुम्ही कानापर्यंत कापाल.

गोवा_रिटर्न
मी पणजीत सहा सीझन ब्रायडल हेअर केलं, आता बेळगावात आहे. खानापूरचा एक फायदा कुणी सांगितला नाही. तुम्ही गोव्याच्या वाटेवर आहात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथं बाहेरच्या लोकांची लग्नं होतात, हॉटेलवाल्यांना आणि मेकअप आर्टिस्टना हेअरला माणूस लागतो, नवरी मेकअपवालीची आणि नवरीच्या आई, मावश्या, करवल्या तुमच्या. एका लग्नात दहा-बारा डोकी. खोपा, अंबाडा, गजरा नीट बसवता येणारी मुलगी तिथं मिळत नाही, सगळ्यांना मोकळ्या लाटा तेवढ्या येतात. दमट हवेत त्या लाटा तासात पडतात, पिना आडव्या-उभ्या कशा अडकवायच्या ते शिकून जा. त्या चार महिन्यांच्या पैशात तुमच्या दोन खुर्च्या येतात. ॲडव्हान्स निम्मा घेतल्याशिवाय गाडीत बसायचं नाही. पावसाळ्यात चोर्ल्याच्या रस्त्याचा भरवसा नसतो, पण तेव्हा लग्नंही नसतात.

आयटीआय_मास्तर
शिकवायचं म्हणालात म्हणून. वर्ल्डस्किल्स नावाची जागतिक स्पर्धा असते, त्यात हेअरड्रेसिंग हा रीतसर प्रकार आहे आणि देशात त्यासाठी इंडियास्किल्स होते. साधारण २२ ची वयोमर्यादा असते म्हणजे तुमचं वय गेलं, पण तुमच्या हाताखालच्या १७-१८ वर्षांच्या मुलीचं नाही. त्यांचे जुने टास्क बघा, ठराविक वेळात डमीवर कट, कलर, स्टाइल, सगळ्याला मार्क. आमच्याकडची मुलं वेल्डिंगला, सीएनसीला जातात, केसांना कुणी गेलं नाही माझ्या माहितीत तरी. बँकांच्या आरसेटीत (ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था) पार्लरचा महिनाभराचा मोफत कोर्स असतो, हाताखालच्या मुलींना सुरवातीला तिकडं पाठवा म्हणजे थ्रेडिंगची ए-बी-सी-डी तुम्हाला शिकवायला लागणार नाही.

अथणीकर
शिकवून तयार केल्या आणि समोरच दुकान घातलं तर? आमच्या इथं तेच झालं. बाँड लिहून घ्यावा का?

शहापूरची_अक्का
बाँड कशाला ओ. कोर्टात जाणार आहात का १२ हजार पगाराच्या पोरीवर? काही जण दहावीची ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतात, ते तर शुद्ध पाप. माझ्याकडच्या चार जणी गेल्या, दोघींनी स्वतःचं घातलं, त्यातली एक अजून अवघड कलर माझ्याकडं पाठवते आणि मी ब्रायडल तिच्याकडं. पगार ठेवा, वर तिनं केलेल्या कामावर टक्केवारी, आणि दोन वर्षांनी तिचं नाव घेऊन गिऱ्हाईक यायला लागलं की टक्केवारी वाढवा. जाणारी जातेच. उलट मी म्हणते फी घेऊनच शिकवा, म्हणजे गेली तरी तुमचं काही गेलं नाही.

बरं पोरी, पुढच्या खोलीचं. भाडं वाचतं, घाल तिथंच. फक्त दार रस्त्याकडनं वेगळं पाहिजे आणि घरातला टीव्ही, कुकरची शिट्टी आत ऐकू यायला नको. स्मूथनिंग (केमिकल लावून केस सरळ करायचं काम) करणार असशील तर खिडकी आणि एक्झॉस्ट पहिल्यांदा, फॉर्मेलिनच्या वाफेनं तुझेच डोळे नि छाती जातील. मला विचारशील तर पहिलं वर्ष स्मूथनिंग घेऊच नको.

चंदगडी
आणि लाइट? खानापुरात पावसात दोन-दोन दिवस जाते ना.

खानापूरची_कात्री
होय की, जाते. तेच बघून आले. ड्रायर १८०० वॉटचा, घरचा इन्व्हर्टर त्याला लावला तर टुईं करून बंदच पडतो. इन्व्हर्टरवर दिवे, पंखा आणि मशीन चार्जिंग, ड्रायरसाठी छोटा जनरेटर भाड्यानं बघतेय, नाहीतर जून-जुलैत कट आणि कलरच, ब्लो ड्रायला नाही म्हणायचं.

ठरवलंय ते लिहिते. दिवाळीपर्यंत नोकरी सोडत नाही, जाऊन-येऊन करायला शक्ती योजनेचं (कर्नाटकात बायकांना फुकट बस) शून्याचं तिकीट आहेच. गोवा_रिटर्न ताईंबरोबर एक सीझन जाते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. मार्चमध्ये पुण्यात कलरचा कोर्स, बॅच सहा जणींचीच आहे, विचारून घेतलं. मालकीणबाईंना सांगितलं तर त्या चिडतील वाटलं होतं, म्हणाल्या खानापूरची गिऱ्हाइकं तशीपण तुझीच आहेत. रेट बेळगावचाच लावणार, कमी नाही. बाबा म्हणाले गावात एवढा रेट कोण देणार, मी म्हटलं बेळगावला जायचा अर्धा दिवस वाचतो त्याचे लावलेत.

पुढच्या खोलीचं माप काढलं, १० बाय १४. दोन खुर्च्या आणि एक शाम्पू चेअर बसते. शाम्पू चेअर नवीन फार महाग सांगायलेत, सेकंडहँड कुणाकडं आहे का?

निपाणी_नाका
आमच्या इथं हायवेच्या बाजूचं एक सलून बंद होतंय, त्यांच्याकडं आहे. बेसिन चिनी मातीचं आहे, फायबरचं नव्हे, तडा नाही, मी आत्ताच जाऊन बघून आलो. मान टेकते तिथला रबर बदलायला लागेल. मागचा ड्रेन पाईप सव्वा इंची आहे, तुमच्या खोलीतल्या लाइनचं माप बघून ठेवा नाहीतर केस अडकून तुंबत बसेल. नंबर व्यनितून पाठवतो.

खानापूरची_कात्री
रविवारी येते बाबांना घेऊन. निपाणीतनं खानापूरला टेंपो काय घेईल?

निपाणी_नाका
रिकामा परत जाणारा गाठून देतो, निम्म्यात होईल. गाद्या गुंडाळायला जुनी चादर घेऊन या.